वरच्या गेटाच्या सहा जागा

"इथे 'प्रवेशद्वार निवडा' असं विचारलंय. कोणतं निवडू?"

ती काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून माझ्या स्क्रीनकडे बघत विचारत होती. तिची एसटी चुकली होती. पुढची गाडी पाऊण तासाने होती, बाहेर भुरभुर चालू होती आणि पौडच्या स्टँडसमोर उघडं दुकान माझंच होतं. दारावर पाटी आहे – सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. ती पाटी वाचूनच ती आत आली.

"कारवी बघायला जायचंय," ती म्हणाली. "वाघजाई डोंगराच्या उद्यानात. रविवारी. पास ऑनलाइनच काढावा लागतो म्हणे."

"नाव?"

"धम्मदीपा. मारुंजीला राहते, लॅबमध्ये कामाला आहे. हेपण लिहायचं का?"

"नाही. नाव आणि मोबाइल नंबर पुरे."

"मग उगाच सांगितलं," असं म्हणून ती हसली. मी कीबोर्डकडे बघत राहिलो.

वाघजाईचं उद्यान म्हणजे अख्खा डोंगर आहे. त्याला दोन गेटं. खालचं धरणाच्या बाजूला, वरचं घाटमाथ्यावर. रस्त्याने या गेटावरून त्या गेटावर जायला तास लागतो. आत मोबाइलला रेंज नाही. पास ज्या गेटाचा, त्याच गेटाने आत जायचं आणि त्याच गेटाने सही करून बाहेर यायचं. एकदा गेट निवडलं की पुन्हा बदलता येत नाही. म्हणून लोक मला विचारतात. गेले दोन महिने रोज विचारतात, कारण कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि यंदा ते वर्ष आहे.

मी सगळ्यांना एकच उत्तर देत होतो.

"खालचं गेट घ्या."

"सोबत बाबा आहेत. एकाहत्तर वय. त्यांना जमेल ना?"

इथे मी थांबायला हवं होतं. वरच्या गेटातून कारवीचं पठार पाच मिनिटांवर आहे, सपाट वाट. खालून दोन तासांची चढण. स्क्रीनवर रविवारच्या तारखेपुढे वरच्या गेटाच्या सहा जागा हिरव्या दिसत होत्या. मी स्क्रीन जराशी माझ्याकडे वळवली.

"जमेल," मी म्हणालो. "खालची वाट चांगली बांधलेली आहे."

"नक्की? गेल्या वेळी त्यांना बघता आली नव्हती. एसटीतून निवृत्त होऊन एका खासगी गॅरेजात होते, रजा मिळाली नाही. आता म्हणतात, पुढच्या फुलोऱ्याला मी नसणार." मग ती जरा पुढे झुकली. "तुमच्या भरवशावर घेते हं."

मी बटण दाबलं. पास छापून निघाला. तिने त्याची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि जाताना दारातून मागे वळून बघितलं. ते बघणं मला फार दिवसांनी... जाऊ द्या. मी उठून दारापर्यंत गेलो. समोर स्टँडच्या बाकावरून एक म्हातारा काठी टेकत उठला. उजवा पाय त्याने आधी हाताने सरळ केला, मग टेकवला. ती त्याला धरायला धावली.

एसटी आली. दोघं चढली. मी दारातच उभा होतो.

माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. चार दिवसांचा ताप आणि पाचव्या दिवशी ती नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं वरच्या गेटाने कारवी बघायला गेलो होतो. ती गेल्यापासून मी त्या रस्त्याला गेलो नाही. यंदा कारवी फुलली आणि लोक विचारायला लागले, तेव्हा कळलं की त्या गेटाचं नावही माझ्या तोंडून निघत नाही. खालचं सांगून टाकायचं, काम संपलं. आत्तापर्यंत त्याने कोणाचं बिघडलं नव्हतं. सगळी जवान पोरं यायची.

संध्याकाळी मी पुन्हा साइट उघडली. वरच्या सहाही जागा गेल्या होत्या.

फॉर्मवर तिचा नंबर होता. शुक्रवारी दुपारी मी फोन लावला.

"हॅलो... मी ज्ञानदेव. पौडहून."

"कोण ज्ञानदेव?"

"फॉर्म..."

"अच्छा, फॉर्मवाले! बोला ना. काही चुकलं का फॉर्ममध्ये?"

सांगायची वेळ तीच होती. 

"पाणी जास्त घ्या बरोबर," मी म्हणालो. "आत मिळत नाही."

 पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"बरं. घेईन."

शनिवारी पुन्हा लावला. या वेळी तिने लगेच ओळखलं.

"आज काय घ्यायचंय?"

"टोपी. बाबांसाठी."

"उद्या सकाळी फोन करून रुमाल सांगणार का?"

"नाही, म्हणजे... त्यांचा गुडघा कसा आहे?"

"गुडघा? तो दोन वर्षांपासून दुखतोय. तुम्हाला कसं माहीत?"

"स्टँडवर बघितलं."

"इतकं नीट बघितलंत?" ती हळूच म्हणाली, "तुम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांना असे फोन करता?"

"नाही."

"मग...?"

 ती जे समजत होती ते खोटं नव्हतं, पण सांगायचं होतं ते वेगळंच. त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात इतक्या गुंतल्या की मी 'ठेवतो' म्हणालो आणि खरंच ठेवला. शनिवारी मला जेवण गेलं नाही.

रविवारी दुकान बंद ठेवलं आणि मोटारसायकल काढली. माले गाव ओलांडलं तसं धुकं लागलं. मनात एकच होतं – ती आत जायच्या आधी गाठायचं आणि सांगून टाकायचं. खालच्या गेटावर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. एक रिक्षा उभी होती. आत रिक्षावाला पाय वर करून झोपला होता.

चौकीवर हैबतराव होते. माझ्या ओळखीचे, सातबारा काढायला दुकानात येतात.

"ज्ञानदेवा, तू आन् हितं? समद्यांना हितं पाठवतुयास, सवता कवा आला न्हाईस."

"हैबतराव, एक म्हातारे आणि त्यांची मुलगी –"

"काठीवालं? गेलं की आठालाच." त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. तिची सही होती. "म्या म्हनलं, आजोबा, लई चढ हाय. तर म्हनत्यात, दुकानवाल्यानं सांगितलंय वाट सोपी हाय. कोन रं त्यो येडा दुकानवाला?"

"मी."

हैबतरावांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग शिट्टी गळ्यात घातली.

"चल."

पास विचारला नाही. आम्ही चढायला लागलो. हैबतराव वाकून, न थांबता चालत होते. मी मागे. पायऱ्या ओल्या होत्या. दर वळणावर वाटायचं, आता दिसतील. दिसायचे नाहीत. हैबतराव मधूनच शिट्टी मारायचे आणि कान द्यायचे. दहा-वीस पोरापोरींचा घोळका खाली येताना भेटला. मी विचारलं, म्हातारे बाबा दिसले का? एक म्हणाला दिसले, एक म्हणाला नाही.  एका बाजूला सरळ दरी होती आणि ती धुक्याने भरलेली होती.

पाऊण तासाने वरून आवाज आला.

"इकडे! आम्ही इकडे आहोत!"

ती वाटेच्या कडेला गुडघ्यांवर बसली होती. बाबा एका खडकावर, उजवा पाय लांब केलेला. तिने ओढणी ओली करून त्यांच्या गुडघ्याला बांधली होती. गुडघा चांगलाच सुजला होता. मला बघून तिचा चेहरा एकदम उजळला – आणि त्यानेच मला जास्त मेल्यासारखं झालं.

"तुम्ही? इथे?"

"ह्यो कोन?" बाबांनी विचारलं.

"फॉर्मवाले, बाबा."

"टोपीवाला व्हय? ही बघ, घातलीया." त्यांनी टोपीला हात लावला.

"जय भीम, बाबा," मी म्हणालो. आणि उभ्या उभ्याच सांगितलं. "वरच्या गेटाने पाच मिनिटांत पोचला असता तुम्ही. सपाट वाट आहे. मला ठाऊक होतं. त्या दिवशी सहा जागा शिल्लक होत्या. मी सांगितलं नाही."

 हैबतराव दुसरीकडे बघायला लागले.

"का?" धम्मदीपाने विचारलं.

"माझी बायको वारली. आम्ही त्या गेटाने गेलो होतो. त्या गेटाचं नाव मला घेववत नाही."

ती उठली. हात ओढणीला पुसायला गेली, पण ओढणी बाबांच्या पायाला होती. हात तसेच ओले राहिले.

"वाईट वाटलं ऐकून," ती म्हणाली. "खरंच. पण तुम्ही दोनदा फोन केलात. पाणी सांगितलंत. टोपी सांगितलीत. मी दोन दिवस..." तिने वाक्य सोडून दिलं. "एवढं एक का नाही सांगितलंत?"

मी बाबांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघितलं.

"आता भांडान घरी करा," बाबा म्हणाले. "मला आधी उठवा. ह्या दगडानं पार गारठलो."

एका बाजूने हैबतराव, दुसऱ्या बाजूने मी. बाबांचे हात आमच्या खांद्यांवर. एकेक पायरी. ती पुढे काठी घेऊन, निसरडा दगड दिसला की बोलायची – "इथे जपून." ते बाबांना असायचं. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही. बाबाच बोलत होते, दुखत असूनही.

"कारवी न्हाई तर न्हाई. धुकं बघितलं. धुकं बी काय वाईट न्हाई."

त्यांनी असं म्हटलं की ती काठीने पुढचा दगड उगाच दोनदा चाचपायची. मी खाली बघायचो.

गेटावर आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. हैबतरावांनी बाबांना खुर्ची दिली आणि रजिस्टरवर तिची सही घेतली. मग पेन कानावर ठेवत म्हणाले, "वरल्या गेटाला म्हाताऱ्या मानसांना बिनपासाचं सोडत्यात की. आधारकार्ड दावायचं. संगं घरचं एकच मानूस. पर एकच्या आत पोचाया पायजे, मंग आत घेत न्हाईत."

"हे साइटवर कुठेच नाही," मी म्हणालो.

"साइटीवर मी बी न्हाई. हाय का न्हाई हितं?"

धम्मदीपा बाबांपुढे वाकली. "बाबा, घरी जायचं का? पाय बघा तुमचा."

"पाच मिन्टं म्हनला ना त्यो? पाच मिन्टं चालतो मी. चल."

रिक्षावाल्याला उठवलं. बाबांना मागे पाय लांब करून बसवलं. ती शेजारी दाटीने बसली. रिक्षावाला म्हणाला, तिकडचा रस्ता मला माहीत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी पुढे होतो," मी म्हणालो.

घाट चढताना मी आरशात बघत होतो. रिक्षाचा एक दिवा धुक्यात दिसायचा, जायचा, पुन्हा दिसायचा. घड्याळाकडे बघायचं टाळत होतो. बारा वीस. बारा तीस. शेवटचं वळण आलं. त्याच्या पुढे लगेच गेट आहे. आणि माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. मी पाय टेकवून बसलो. पुढे जाता येईना.

मागे रिक्षा थांबली. चपलांचा आवाज आला. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"पेट्रोल संपलं?"

"नाही."

तिने वळणाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. 

"या वळणाच्या पुढेच आहे का?"

मी मान हलवली.

"किती वाजले?"

"बारा चाळीस."

"मला तुम्हाला थोडा वेळ द्यायला आवडला असता," ती म्हणाली. आवाज कडक नव्हता. "पण बाबांकडे वीस मिनिटंच आहेत. मी चालत पुढे होते. तुम्ही माझ्या मागून या. हळू आलात तरी चालेल."

आणि ती खरंच चालू लागली. धुक्यात तिचा पिवळा ड्रेस पुढे पुढे जात होता. मी गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली आणि त्या पिवळ्या रंगाच्या मागे ते वळण घेतलं.

गेट तसंच होतं. रंग नवीन दिला होता. खिडकीत गोजराबाई नावाच्या बाई बसल्या होत्या, साडीवर घातलेल्या खाकी शर्टावर नावाची पट्टी होती. बाबांचं आधारकार्ड त्यांनी उलटसुलट बघितलं.

"एकनाथ... एकाहत्तर. बरं. संगं कोन जानार? घरचं मानूस लागतं, एकच."

"हे जातील," धम्मदीपा म्हणाली. तिचं बोट माझ्याकडे होतं.

"मी?" मी म्हणालो. "अहो, तुम्ही जा. तुमचे वडील आहेत."

"मी आत्ता आत गेले तर मला फुलं दिसणार नाहीत, तुमच्यावरचा रागच दिसेल," ती म्हणाली. "आणि तुम्ही आज आत गेला नाहीत, तर उद्या दुकानात बसून पुढच्या म्हाताऱ्या माणसालाही खालचंच गेट सांगाल. म्हणून जा."

"पण मी घरचा नाही."

गोजराबाईंनी पेन थांबवलं. "घरचं न्हाई? मग न्हाई सोडता येत."

"आहेत," धम्मदीपा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "घरचेच आहेत."

"नातं काय लिहू?"

ती माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. भिंतीवरचं घड्याळ मात्र चालू होतं.

"अवो बाई, लिवा की काय बी!" बाबा ओरडले. "तुमचं नातं ठरस्तवर फुलं सुकत्याल!"

गोजराबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं, तोंडाला पदर लावला आणि लिहिलं – 'घरचे'. मी त्याखाली सही केली.

वाट सपाट होती. बाबांचा हात माझ्या दंडात होता. पाच मिनिटांची वाट आम्हाला वीस मिनिटं लागली. मग झाडं संपली आणि पुढे सगळं निळंजांभळं. उतारावर, कड्यापर्यंत, धुकं जिथे फाटलं होतं तिथवर. मधमाश्यांचा आवाज एवढा, की बाबा पहिल्यांदा म्हणाले, "मोटर कुटं चालू हाय?" मग त्यांना कळलं आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. 

मला वाटलं होतं, इथे आल्यावर मी कोसळेन. रडू आलं, ते खरं. पण पाय उभे राहिले. बाबांना धरायचं होतं ना.

"तुझी मंडळी कुटं उबी ऱ्हायली व्हती?" बाबांनी विचारलं.

मी दाखवलं. कड्याजवळ एक सपाट खडक होता.

"मग आपुन तितं नगं जायाला. ती जागा तिची." त्यांनी काठी जरा अलीकडे टेकवली. "आपुन हितं ऱ्हाऊ. हितनं बी झ्याक दिसतंय."

आम्ही तिथे राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं.

"पोरगी माझी तापट हाय. पर राग धरून न्हाई बसत. लई झालं तर येक आठवडा."

"आठवडा चालेल," मी म्हणालो.

"तुला चालंल रं. मला त्या घरात ऱ्हायचंय."

बाहेर आलो तेव्हा ती गेटाच्या कठड्याला टेकून उभी होती. केसांवर धुक्याचे थेंब बसले होते. बाबांना रिक्षात बसवलं आणि दोन मिनिटांत ते टोपी डोळ्यांवर ओढून झोपले. ती माझ्याकडे आली.

"कशी होती?"

मला वर्णन करता येत नाही. मी प्रयत्न केला. म्हणालो, जांभळी आहे, पण जांभळापेक्षा फिकी. खूप आहे. माश्या आहेत. बाबा हसले. मी रडलो थोडा. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "फोनवरच सांगायला हवं होतं. पण फोन... फोन नुसता त्यासाठी नव्हता. दुसरा तर अजिबात नव्हता. तुमचा आवाज ऐकायचा होता."

"ते मला कळलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर जास्त राग आला."

"अजून आहे?"

"आहे." तिने रिक्षात डोकावलं. बाबांचा पाय अख्ख्या सीटवर पसरला होता. ती परत वळली आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाली, "तिथे मला बसायला जागा नाही."

मला कळायला वेळ लागला. माझ्या मागच्या सीटवर चार वर्षांत कोणी बसलं नव्हतं. तिथे दुकानाच्या कागदांची पिशवी बांधलेली असायची, ती मी सोडून पुढे टाकीवर ठेवली. गाठ पटकन सुटेना. ती शेजारी उभी राहून बघत होती, मदत करत नव्हती, हसतही नव्हती – पण हसू दाबत होती.

ती बसली. आधी सीटच्या मागची दांडी धरली. पहिल्या उतारावर हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं. मला दरीची भीती वाटत होती, ब्रेकची वाटत होती, तिचा हात काढला जाईल याचीही वाटत होती.

"त्यांचं नाव काय होतं?" मागून तिने विचारलं.

चार वर्षांत लोक मला 'तुझी बायको', 'ती बिचारी', 'वहिनी' असंच म्हणत आले. नाव कोणी विचारलं नव्हतं.

"चांगुणा," मी म्हणालो.

"कशा होत्या, सांगा ना. रस्ता मोठा आहे."

मी गाडी हळू केली आणि सांगायला लागलो.